विश्लेषण : रेडिओवरून सिनेगीते घालवणारे मराठी मंत्री… बाळकृष्ण केसकर कोण होते?

बोईसरला डहाणू लोकलमध्ये चढलेला चाकरमानी कानात इअरफोन घालतो आणि मोबाइलवर प्लेलिस्ट लावतो. चिंचणी-तारापूरकडे दागिन्यांचे डाय कोरणाऱ्या कारागिरांचेही हात कामात आणि कान गाण्यात असतात. कोणते गाणे ऐकायचे हे आपणच ठरवतो, असे प्रत्येकाला वाटते. खरे तर अर्धे काम अ‍ॅपचा अल्गोरिदम करत असतो, पण तो विषय वेगळा.

सत्तर वर्षांपूर्वी मात्र देशाची ‘प्लेलिस्ट’ दिल्लीतल्या एका खात्यात ठरत होती. त्या खात्याचे मंत्री मराठी होते, पुण्याचे होते, गाण्याचे जाणकार होते. हिंदी सिनेमाची गाणी लोकांनी ऐकू नयेत, असे त्यांना मनापासून वाटत होते. त्यांचे नाव डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. अमीन सयानी आणि ‘बिनाका गीतमाला’ यांची आठवण निघाली की केसकरांचे नाव खलनायकासारखे येते. ‘रेडिओवर सिनेसंगीताला बंदी घालणारा मंत्री’ एवढीच त्यांची ओळख उरली आहे. ती पुरती खोटी नाही, पण पुरती खरीही नाही.

केसकर कोण होते?

केसकरांचा जन्म १९०३ सालचा, पुण्यातला. पुढचे आयुष्य मात्र बहुतेक उत्तर भारतात गेले. पॅरिस विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवलेले, संस्कृत आणि फ्रेंच दोन्ही जाणणारे असे हे काँग्रेसवाले. स्वातंत्र्य चळवळीत ते होते, काँग्रेसच्या सरचिटणीसांपैकी एक होते आणि संविधान सभेत ते संयुक्त प्रांतातून, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशातून गेले. महाराष्ट्राच्या राजकारणात त्यांचे नाव फारसे का घेतले जात नाही, याचे उत्तर इथे आहे. त्यांचे मतदारसंघ सुलतानपूरच्या बाजूचे होते.

स्वातंत्र्यानंतर ते काही काळ परराष्ट्र खात्यात उपमंत्री होते. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर पंतप्रधान नेहरूंनी त्यांच्याकडे माहिती व नभोवाणी खाते दिले. मे १९५२ ते एप्रिल १९६२ अशी जवळजवळ दहा वर्षे ते या खात्यात राहिले. सलग इतका काळ हे खाते आजवर दुसऱ्या कोणाकडे राहिलेले नाही.

केसकरांनी शास्त्रीय गायनाची तालीम घेतली होती. ध्रुपदाची त्यांना विशेष ओढ होती. मंत्री संगीताचे जाणकार असणे ही एरवी कौतुकाची बाब. इथे तीच अडचणीची ठरली, कारण आपल्या आवडीनिवडीला सरकारी धोरणाचे रूप द्यायला त्यांना वेळ लागला नाही. जाता जाता एक नोंद : क्रिकेट हा खेळही इंग्रजांबरोबर भारतातून जाईल, असे भाकीत त्यांनी केले होते. लोकांच्या आवडीचा अंदाज हा त्यांचा प्रांत नव्हता, हे एवढ्यावरूनच कळते.

सिनेसंगीताचा एवढा राग कशासाठी?

यासाठी थोडे मागे जावे लागते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन मराठी माणसांनी हिंदुस्थानी संगीताचे चित्र पालटले. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्यांच्या उस्तादांकडून बंदिशी मिळवल्या, त्या स्वरलिपीत उतरवल्या, रागांची थाटांत मांडणी केली आणि १९१६ साली बडोद्याला अखिल भारतीय संगीत परिषद भरवली. दरबारात आणि कोठीवर राहिलेले गाणे मध्यमवर्गीय घरात आणणे, हा दोघांचाही उद्योग.

केसकर याच परंपरेत वाढलेले. फरक इतकाच की, पलुस्कर-भातखंड्यांच्या हातात शाळा होत्या आणि केसकरांच्या हातात ट्रान्समीटर होते. संस्थाने खालसा झाली, गवयांचा आश्रय गेला, आता राजाची जागा रेडिओने घ्यावी, असा त्यांचा विचार. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा भारतात आकाशवाणीची केंद्रे अवघी सहा होती. पुढच्या काही वर्षांत ती झपाट्याने वाढणार होती. ती वाढताना त्यांवरून काय ऐकवायचे, हा प्रश्न त्यांच्या लेखी राष्ट्रउभारणीचा होता.

सिनेसंगीत या आराखड्यात बसत नव्हते. त्याचे शब्द सवंग आणि चाली पाश्चात्त्यांच्या उचललेल्या, असे त्यांचे मत होते. उदाहरणाला दूर जायला नको. १९५१ साली भगवानदादांचा ‘अलबेला’ आला. त्यात पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, क्लॅरिनेट, बाँगो आणि नाचाचा ठेका यांची अशी काही भेळ केली की देशभर लोक त्यावर नाचले. केसकरांना नेमकी याचीच धास्ती होती.

त्यांच्या विचारातला दुसरा धागा अधिक खटकणारा आहे. संगीताचा ऱ्हास इंग्रजांच्या दुर्लक्षाने झाला, हे सांगताना त्याचा दोष ते मुस्लिम आश्रयदात्यांवर आणि कलावंतांवरही टाकत. त्यांच्या हाती संगीत धर्मापासून तुटले आणि केवळ करमणुकीचे झाले, अशी त्यांची मांडणी होती. ज्या उस्तादांच्या घराण्यांतून ख्याल, सतार, सरोद, तबला पिढ्यान्‌पिढ्या टिकला, त्यांच्याबाबत हे म्हणणे अन्यायाचे होते. ते उस्ताद केसकरांच्या काळातही रेडिओवर वाजत-गात राहिले, आणि खुद्द केसकरांचे रेडिओ संगीत त्यांच्यावाचून उभे राहू शकत नव्हते.

‘बंदी’ नेमकी होती का?

थेट बंदीचा हुकूम निघाला असे सर्रास सांगितले जाते. घडले ते थोडे वेगळे आणि जास्त गुंतागुंतीचे होते.

आकाशवाणीने १९५२ साली तीन गोष्टी केल्या. एक, कार्यक्रमांतला सिनेगीतांचा वाटा कमी करून तो दहा टक्क्यांच्या आसपास आणायचे ठरले. दोन, वाजवायची गाणी आधी तपासून, निवडून घ्यायची. तीन, गाणे लावताना गायकाचे नाव सांगायचे, चित्रपटाचे नाही. चित्रपटाचे नाव घेणे म्हणजे सरकारी माध्यमावर फुकट जाहिरात, असा त्यामागचा तर्क होता.

ठिणगी पडली ती या तिसऱ्या नियमामुळे. निर्मात्यांसाठी रेडिओवर गाणे लागण्याचा उपयोगच मुळी चित्रपटाचे नाव लोकांपर्यंत जाण्यात होता. नाव घेणार नसाल तर गाणीही मिळणार नाहीत, असे म्हणत त्यांच्या संघटनेने आकाशवाणीला दिलेली प्रसारणाची परवानगी काढून घेतली. गाण्यांचे हक्क निर्मात्यांकडे होते, त्यामुळे आकाशवाणीकडे रेकॉर्ड असूनही त्या वाजवता येईनात. काही महिन्यांत सिनेगीते सरकारी रेडिओवरून जवळजवळ नाहीशी झाली.

म्हणजे मंत्र्यांनी दार अर्धे ओढून घेतले आणि उरलेले निर्मात्यांनी बाहेरून लावले. केसकरांनी ते उघडण्याची घाई केली नाही. सिनेगीते गेली तर लोकांचे कान आपोआप चांगल्या गाण्याकडे वळतील, असा त्यांचा हिशेब असावा. कान वळले, पण समुद्रापलीकडे.

सिलोन इतक्या लांबून कसे ऐकू येत होते?

चिंचणीहून मुंबई सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे आणि कोलंबो सुमारे १,६०० किलोमीटरवर. तरीही कोलंबोचा कार्यक्रम इकडच्या रेडिओवर लागत असे, यामागे जादू नाही, भौतिकशास्त्र आहे.

मुंबई केंद्र मुख्यतः मीडियम वेव्हवर चालत असे. या लहरी दिवसा जमिनीलगत पसरतात आणि अंतर वाढेल तशा क्षीण होत जातात. शॉर्ट वेव्ह म्हणजे लघुलहरी वेगळ्या वागतात. त्या आकाशात वर जातात, वातावरणाच्या वरच्या भागातील विद्युतभारित थरावर, आयनमंडलावर, वळतात आणि शेकडो-हजारो किलोमीटर दूर पुन्हा जमिनीवर उतरतात. हा थर सूर्यप्रकाशाप्रमाणे दिवसभर बदलत राहतो. म्हणूनच सिलोनचा आवाज लाटेसारखा मोठा-बारीक होत येई आणि मंडळी २५ मीटर किंवा ४१ मीटरच्या पट्ट्यावर सुई केसाएवढी सरकवत बसत.

कोलंबोकडे ताकदीचा ट्रान्समीटर आला तो दुसऱ्या महायुद्धामुळे. लॉर्ड माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमांडने सैनिकांसाठी तिथे रेडिओ केंद्र उभारले होते. युद्ध संपले, सिलोन स्वतंत्र झाले आणि ती यंत्रणा तिथल्या सरकारला मिळाली. १९५० मध्ये रेडिओ सिलोनने जाहिरातींवर चालणारी व्यापारी सेवा सुरू केली. क्लिफर्ड डॉड नावाचे ऑस्ट्रेलियन अधिकारी ती पाहत होते. त्यांच्याकडे ट्रान्समीटर होता, जाहिरातदार होते आणि शेजारी एक प्रचंड देश होता, जिथल्या सरकारी रेडिओने लोकांचे सर्वांत आवडते गाणे नुकतेच बंद केले होते. धंद्याची एवढी सोपी संधी क्वचितच चालून येते.

टूथपेस्ट, पंचवीस रुपये आणि नऊ हजार पत्रे

३ डिसेंबर १९५२ रोजी रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. प्रायोजक टूथपेस्टवाले. निवेदक विशीतले अमीन सयानी. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, टेप कोलंबोला जायची आणि तिथून आकाशमार्गे पुन्हा भारतात यायची. म्हणजे मुंबईत तयार झालेली गाणी, मुंबईतच केलेला कार्यक्रम, आणि मुंबईकराला तो ऐकायला मिळायचा लंकेतून!

सयानींना आठवड्याला पंचवीस रुपये मिळत. सुरुवातीचे स्वरूप आजच्या आठवणीतल्या ‘हिट परेड’चे नव्हते. सात गाणी ऐकवायची आणि श्रोत्यांनी ती काळाच्या क्रमाने लावून पत्राने कळवायची, अशी ती स्पर्धा होती. बक्षीस शंभर रुपये. चाळीस-पन्नास पत्रे येतील अशी अपेक्षा असताना पहिल्याच खेपेला नऊ हजार आली, असे सयानी पुढे सांगत. पत्रांचा हा ढीग वाढता वाढता आठवड्याला पासष्ट हजारांपर्यंत गेला. एवढी पत्रे तपासणे अशक्य झाले, तेव्हा १९५४ च्या अखेरीस स्पर्धा सोडून लोकप्रियतेप्रमाणे गाण्यांची क्रमवारी सुरू झाली. रेकॉर्डच्या दुकानांतली विक्री आणि गावोगावच्या श्रोता संघांची पसंती यांवरून गाणे कोणत्या ‘पायदान’वर हे ठरू लागले. अभ्रकाच्या खाणींचे गाव झुमरी तलैया देशाला माहीत झाले ते फर्माइशींच्या पत्रांमुळेच.

गीतमालेच्या वार्षिक यादीत १९५३ सालचे पहिले गाणे ठरले ते ‘अनारकली’ चित्रपटातले. आवाज लता मंगेशकरांचा आणि संगीत त्याच सी. रामचंद्रांचे. एक मराठी मंत्री ज्यांना दाराबाहेर ठेवू पाहत होता, ते दोन मराठी कलावंत शेजारच्या देशातून भारतभर वाजत होते.

त्या काळच्या एका पाहणीचा हवाला नेहमी दिला जातो. परवानाधारक दहा घरांपैकी नऊ घरांत सिलोन लागलेले असे आणि दहाव्या घरातला रेडिओ नादुरुस्त असे! थट्टा सोडून दिली तरी आकाशवाणीच्या अधिकाऱ्यांना आपला श्रोता कुठे गेला ते कळले होते. जाहिरातींचा पैसाही त्याच वाटेने देशाबाहेर जात होता.

मग केसकरांनी उभे काय केले?

त्यांच्या नावावरची ही बाजू सहसा सांगितली जात नाही, आणि ती छोटी नाही.

जुलै १९५२ मध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. शनिवारी रात्री सगळी केंद्रे एकाच वेळी एकाच कलावंताची मैफल ऐकवू लागली. हिंदुस्थानी आणि कर्नाटक, दोन्ही पद्धतींचे कलावंत. तंजावरच्या विद्वानाचे गाणे नागपुरात आणि किराणा घराण्याचा ख्याल मद्रासेत, तोही तिकीट न काढता. त्याच वर्षी ‘वाद्यवृंद’ हा आकाशवाणीचा राष्ट्रीय वाद्यमेळ उभा राहिला, त्याच्या उभारणीत पं. रविशंकर होते. १९५४ पासून रेडिओ संगीत संमेलन भरू लागले. संगीताच्या एकूण वेळेपैकी जवळजवळ निम्मा वेळ शास्त्रीय संगीताला मिळू लागला. शेकडो कलावंतांना दर महिन्याला ठरलेले काम आणि मानधन मिळाले. दरबार बुडाल्यानंतर शास्त्रीय संगीत भारतात टिकले, त्याचे मोठे श्रेय या सरकारी मानधनाला द्यावे लागते. तो पैसा केसकरांच्या हट्टातून आला होता, हे नाकारता येत नाही.

या दानाला चाळणीही होती. रेडिओवर गाण्यासाठी स्वरचाचणी, म्हणजे ऑडिशन, द्यावी लागे आणि त्यावरून कलावंताची श्रेणी ठरे. या परीक्षक मंडळाची धुरा पं. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्याकडे होती. ते भातखंड्यांचे शिष्य, मुंबईत जन्मलेले आणि लखनौच्या संगीत महाविद्यालयाचे प्राचार्य. चाचणीत गाण्याबरोबरच रागशास्त्राचीही विचारपूस होई. आयुष्यभर मैफली गाजवलेल्या बुजुर्गांना हे अपमानास्पद वाटले आणि ठिकठिकाणी निषेध झाले. रागाचे नियम तोंडाने सांगता येणे आणि राग गाता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुस्तकी चाळणीतून काही खरे दाणे गळाले असणार, यात शंका नाही. पण श्रेणीची ही पद्धत टिकली आणि कलावंताची ‘ए ग्रेड’ आजही पत्रिकेवर छापली जाते.

पेटीला हाकलले ते केसकरांनीच का?

नाही. हा आरोप त्यांच्यावर चुकून येतो. आकाशवाणीने हार्मोनियमला बंदी घातली ती १ मार्च १९४० पासून, इंग्रजांच्या राज्यात, लायोनेल फील्डन हे रेडिओचे प्रमुख असताना. पेटीचे स्वर पक्के बसवलेले असतात, त्यांत मींड निघत नाही आणि श्रुतींचे बारकावे मिळत नाहीत, हा आक्षेप. रवींद्रनाथ टागोरही पेटीच्या विरोधात होते. केसकरांनी ही बंदी सुरू ठेवली, कारण ती त्यांच्या मताशी जुळणारी होती. ती सैल झाली १९७० नंतर, केसकरांचे मंत्रिपद जाऊन बरीच वर्षे झाल्यावर. ज्या महाराष्ट्रात नाट्यगृहापासून भजनी मंडळापर्यंत पेटीवाचून पान हलत नाही, तिथल्या मंत्र्याने ही बंदी चालू ठेवावी, हे मात्र खरेच नवलाचे.

आणखी एक गंमत. आकाशवाणीची सकाळ ज्या संकेतधुनीने उजाडते, ती वॉल्टर कॉफमन या युरोपातून मुंबईत आलेल्या ज्यू संगीतकाराची रचना आहे. शुद्ध भारतीय संगीताचा आग्रह धरणाऱ्या केसकरांच्या दहा वर्षांतही रोज पहाटे तीच वाजत राहिली.

रेषा कुठे ओढायची?

सिनेमाचे गाणे एका बाजूला आणि चांगले गाणे दुसऱ्या बाजूला, अशी रेषा ओढता येते, हे केसकरांनी गृहीत धरले होते. त्यांच्या डोळ्यांदेखत ती पुसली जात होती.

ऑक्टोबर १९५२ मध्ये, रेडिओवरचा वाद पेटलेला असतानाच, ‘बैजू बावरा’ प्रदर्शित झाला. नौशाद यांनी त्यातली गाणी रागांवर बांधली होती आणि जुगलबंदीसाठी माइकसमोर होते उस्ताद अमीर खाँ आणि पं. दत्तात्रेय विष्णु पलुस्कर, म्हणजे विष्णु दिगंबरांचे चिरंजीव. केसकरांच्या श्रद्धास्थानाचा मुलगाच सिनेमात गायला होता आणि ते गाणे गल्लीबोळांतून ऐकू येत होते. वाद्यवृंदाचे रविशंकर १९४६ सालीच ‘नीचा नगर’ आणि ‘धरती के लाल’ या चित्रपटांना संगीत देऊन बसले होते. पुढे वाद्यवृंदाची जबाबदारी घेणारे बासरीवादक पन्नालाल घोष मुंबईच्या चित्रसृष्टीतूनच आले होते.

सगळ्यात मोठा पुरावा मात्र पुण्यातला. आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी, केसकरांच्याच कारकिर्दीत सुरू झाले. सिनेगीते नकोत तर लोकांना रुचेल असे दुसरे सुगम संगीत रेडिओने स्वतः निर्माण करावे, असे त्यांचे धोरण होते. त्यासाठी केंद्रांवर सुगम संगीताचे विभाग निघाले आणि लेखक-कलावंतांना निर्माते म्हणून आणले गेले. पु. ल. देशपांडे, बा. भ. बोरकर ही मंडळी आकाशवाणीत आली ती याच वर्षांत. पुणे केंद्रावर सीताकांत लाड होते. त्यांनी आपले मित्र ग. दि. माडगूळकर यांना रेडिओसाठी नियमित काहीतरी लिहायला सांगितले आणि १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, ‘गीतरामायण’ सुरू झाले.

दर शुक्रवारी सकाळी नवे गीत, शनिवारी आणि रविवारी त्याचे पुनःप्रसारण. ठरली होती बावन्न गीते, पण त्या वर्षी अधिक मास आला आणि संख्या छप्पन्न झाली. १९ एप्रिल १९५६ पर्यंत महाराष्ट्रातली घरे ठरल्या वेळी रेडिओभोवती बसली. काहींनी रेडिओला हार घातले, उदबत्ती ओवाळली. शब्द सुसंस्कृत, चाली रागदारीतून आलेल्या, विषय रामकथा, श्रोते लाखो : केसकरांनी मनात रंगवलेले आदर्श रेडिओ संगीत हेच असणार.

ते दिले कोणी? माडगूळकर आणि सुधीर फडके यांनी. दोघेही मराठी चित्रपटसृष्टीतले त्या काळचे सर्वांत व्यग्र गीतकार आणि संगीतकार. चित्रपटाच्या घाईत, प्रसंगाला नेमके शब्द आणि शब्दाला नेमकी चाल द्यायची जी सवय त्यांना लागली होती, तिच्याच जोरावर आठवड्याला एक या वेगाने हे काम तडीस गेले. मुंबई केंद्राची ‘भावसरगम’ पुढे याच वाटेने गेली. मंगेश पाडगावकर, श्रीनिवास खळे, यशवंत देव, अरुण दाते ही नावे मराठी घरांत रुजली त्यात आकाशवाणीचा वाटा मोठा. सिनेगीतांची जागा रिकामी नसती तर भावगीताला रेडिओवर एवढा वेळ मिळाला असता का, हा प्रश्न केसकरांच्या बाजूने विचारायलाच हवा. हिंदी पट्ट्यात त्यांचे धोरण आपटले. मराठीत ते बऱ्यापैकी जमले.

माघार कधी घेतली?

१९५७ पर्यंत आकाशवाणीला कळून चुकले होते की, सिलोनला उत्तर द्यायचे तर सिनेगीते लागणारच. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली. तिची आखणी कवी पं. नरेंद्र शर्मा यांनी केली, जे स्वतः चित्रपटगीते लिहीत होते. उद्‌घाटनाचे गीत शर्मांनी लिहिले, संगीत अनिल विश्वास यांचे आणि आवाज मन्ना डे यांचा. तिघेही मुंबईच्या सिनेसृष्टीतले! निर्मात्यांशी समेट झाला, गाणी परत आली आणि यावेळी चित्रपटाचे नावही सांगितले जाऊ लागले. सैनिकांसाठी ‘जयमाला’, नाटिकांसाठी ‘हवामहल’ अशी रचना बसत गेली. विविध भारतीवर जाहिराती आल्या त्या १ नोव्हेंबर १९६७ पासून, तेही मुंबई-पुणे-नागपूर या महाराष्ट्रातल्याच केंद्रांवर आधी.

रेडिओसाठी ‘आकाशवाणी’ हे नाव देशभर अधिकृतपणे वापरात आले तेही केसकरांच्याच कारकिर्दीत. म्हैसूरच्या केंद्राने ते १९३० च्या दशकातच घेतले होते.

माघारीनंतरही केसकर पदावर राहिले. सिनेसंगीताविषयी त्यांचे मत बदलले, असे त्यांच्या पुढच्या लिखाणातून दिसत नाही.

पुढे काय झाले?

१९६२ मध्ये मंत्रिपद गेले. १९६३ साली उत्तर प्रदेशातल्या फर्रुखाबादची लोकसभा पोटनिवडणूक त्यांनी काँग्रेसतर्फे लढवली. समोर होते डॉ. राममनोहर लोहिया. केसकर हरले, लोहिया पहिल्यांदा लोकसभेत गेले आणि पुढचा इतिहास बहुतेक लोहियांच्या अंगाने लिहिला गेला.

केसकर नॅशनल बुक ट्रस्टचे अध्यक्ष झाले. तिथे त्यांनी राष्ट्रीय चरित्रमालेचे संपादन केले. थोरामोठ्यांची सुटसुटीत, स्वस्त चरित्रे देशाच्या भाषांतून काढण्याचा तो उपक्रम होता. १९६७ साली त्या मालेत भातखंड्यांचे चरित्र आले. ते लिहिले होते रातंजनकरांनी, म्हणजे ज्यांच्या ऑडिशनवरून पंधरा वर्षांपूर्वी गवई रस्त्यावर आले होते त्यांनीच. विष्णु दिगंबर पलुस्करांचे चरित्रही त्याच मालेतले. त्याच वर्षी भारतीय संगीताच्या प्रश्नांवरचे केसकरांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले.

ऑगस्ट १९८४ मध्ये केसकरांचे निधन झाले. तोवर देशात दूरदर्शनचे मनोरे उभे राहत होते. गीतमाला मात्र रेडिओ सिलोनवरून, आता श्रीलंका ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनच्या नावाखाली, अजून चालू होती. पाच वर्षांनी, १९८९ मध्ये तिने कोलंबो सोडले आणि अमीन सयानींचा तोच कार्यक्रम विविध भारतीवरून, म्हणजे केसकरांच्या काळात जन्मलेल्या सरकारी वाहिनीवरून लागू लागला. १९९४ पर्यंत तो तिथेच होता.